पाण्याकडची बाजू

१

काढ्याची वेल कुटायच्या दिवशी बिरीला सकाळी उठल्या उठल्या बरं वाटायचं. यात काय मोठंसं, असं कुणी म्हणेल. पण मीठ नाही, मिरची नाही, गोडाचा कण नाही, नुसती उकडलेली केळी आणि अळणी मासळी गिळून ज्याच्या तोंडाची चव गेली आहे, त्यानं एकदा असं हसतमुख उठून दाखवावंच. काढा शिजवणाऱ्याला पथ्य चुकत नाही, आणि बिरीचा तर जन्म पथ्यात गेला होता. तिचा नवरा नीवे गावचा वैदू. तो काढा प्यायचा, रात्रभर गायचा, आणि लोकांची दुखणी गाण्यानं ओढून काढायचा. गाव म्हणायचं, नीवेच्या गळ्यात गुण आहे. बिरी मनात म्हणायची, गळा नीवेचा असेल बाबांनो, पण काढा कुणाचा?

आता नीवे नव्हता. मागच्या पुरात जाळं बघायला म्हणून गेला. उकायाली नदीनं जुनी वाट सोडली तेव्हा मागे राहिलेलं हे तळं, गावाच्या पायाशी. नेहमीचंच पाणी. होडी आपली आपण काठाला आली, आणि तो मागाहून खालच्या वळणावर सापडला. त्याला उंचवट्यावर पुरलं, रडून झालं, आणि बिरी पुन्हा केळी सोलायला बसली. बसावंच लागतं.

पण तिची लेक मार्लेनी बसली ती उठेचना. झोप नाही, अन्न नाही. नक्षीचं कापड मांडीवर घ्यायची आणि सुई हातात तशीच राहायची. गावात सगळ्यांत सफाईदार रेघ काढणारी पोरगी ती, आणि आता तिची रेघ कापडाच्या कडेपर्यंत जाऊन तिथंच संपायची, वळायची नाही. "बाबा काठावरून हाक मारतात," म्हणायची. "एकटं वाटतं म्हणतात. कुणीतरी या म्हणतात."

नीवेची थोरली बहीण वेस्ना, तीही वैदूच. तिनं भाचीचे डोळे उघडून पाहिले आणि बिरीला बाहेर घेऊन गेली. "माझ्या भावाला सोबत हवीय," ती म्हणाली. "जन्मभर कुणी ना कुणी दिमतीला होतं, आता एकटं करमत नाही मेल्याला. तू काढा शिजव. मी पिते, गाते, आणि त्याला वाटेला लावते. हे जमलंच पाहिजे बिरी, नाहीतर पोरगी हातची जाईल."

म्हणून आज वेल कुटायची होती. घरामागच्या झाडावर चढलेली ती वेल नीवेनं लग्नाच्या वर्षी लावली होती. बाकीच्या सगळ्या पुरात कुजल्या, ही तेवढी वाचली. बिरीनं ती मुळापासून वीतभर ठेवून तोडली, तुकडे केले आणि ओंडक्याशी आणून रचले. मग रानतंबाखूची जाड विडी पेटवून तिनं तुकड्यांवर धूर सोडला. पहिला घाव घालण्याआधी वेलीला सांगावं लागतं, कोण पिणार ते. न सांगता घाव घालत नाहीत. वर्षानुवर्षं बिरी ते सांगत आली होती, आणि आजही तिनं सांगितलं.

"नीवे पिणार."

तिनं जीभ चावली. "अगं बाई! मेली सवय!" मग घाईघाईनं पुन्हा एक झुरका मारला, पुन्हा धूर सोडला. "वेस्ना पिणार. मार्लेनीसाठी." इकडंतिकडं पाहिलं. कुणी ऐकलं नव्हतं. असं झालं तर ती वेल बाजूला ठेवून दुसरी तोडायची असते. पण दुसरी आणायची कुठून? वेल काय बहिरी नाही, तिला कळलं असेल मला कोण म्हणायचं होतं ते, असं बिरीनं स्वतःला समजावलं आणि मोगरी उचलली.

२

कुटायचा ओंडका घरामागच्या झोपडीत होता. झोपडी म्हणजे झावळ्यांचं छप्पर, भिंती नाहीत. ओंडक्याच्या दोन बाजूंना दोघं बसतात. एकानं घाव घालायचा, दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं. घराकडची बाजू बिरीची, पाण्याकडची नीवेची. आज समोर वेस्नानं बसायचं, पण तिचा गुडघा सुजला होता, आणि ज्यानं पथ्य पाळलेलं नाही त्याला वेलीला हात लावू देत नाहीत. तेव्हा बिरी एकटीच.

ठक्.

तळ्याकडून उत्तर आलं, ठक्.

बिरीला हसू आलं. पाणी ओसरलं की पलीकडचा काठ भिंतीसारखा उभा राहतो आणि घाव परत पाठवतो. लहानपणी पोरं इकडच्या काठावर उभी राहून एकमेकांना शिव्या द्यायची, आणि शिव्या त्यांनाच परत मिळायच्या. बरंच झालं, तिला वाटलं, तेवढीच सोबत. ती कुटत राहिली. ठक्, ठक्. ठक्, ठक्. वेलीचा कडवट ओला वास सुटला.

एक गाठ चिवट निघाली, म्हणून ती थांबली आणि बोटांनी तंतू सोडवू लागली.

ठक्.

तिनं मान वर केली. पलीकडच्या वस्तीत कुणी होडी कोरत असेल. नाहीतर सुतारपक्षी. सुतारपक्षी इतका सावकाश ठोकत नाही हे तिला ठाऊक होतं, पण होडी कोरणारा ठोकतो. झालं तर मग. तिनं मोगरी उचलली, आणि ती खाली यायच्या आधीच तिकडचा घाव पडला. तिची मोगरी बरोबर त्याच्या मागून उतरली, नेहमीसारखी. आता ती उत्तर देत होती.

खरं सांगायचं तर इथं तिनं घाबरायला हवं होतं. पण हाताला ताल सापडला होता हो! एकटीनं कुटताना खांदे भरून येतात, घाव चुकतो, जीव कंटाळतो. आज मोगरी फुलासारखी उठत होती. तिला कळलंही नाही, आणि ढीग संपला.

तंतू गोळा करताना मात्र तिचा हात थबकला. तिच्या बाजूचा चुरा स्वच्छ होता, साल खरवडलेली. ओंडक्याच्या पलीकडच्या बाजूलाही चुरा होता, आणि त्याला साल तशीच चिकटलेली होती. ही नीवेची खोड. साल खरवडायचा त्याला जन्माचा कंटाळा. "काढा कडू होतो रे सालीनं," असं ती दर वेळी म्हणायची आणि तो दर वेळी म्हणायचा, "गोड करून कुणाला पाजायचाय?"

"माझीच राहिली असेल," बिरी मोठ्यानं म्हणाली. "डोळे गेले आता." आणि तिनं सगळा चुरा एकत्र केला.

३

टोपात एक थर वेलीचा, एक थर रानझुडपाच्या पानांचा, पुन्हा वेलीचा, पुन्हा पानांचा. वर तळ्याचं पाणी. बिरीनं चूल पेटवली आणि लाकडं नीट लावली. काढ्याला मोठा जाळ चालत नाही, लहानही चालत नाही. समोर बसून राहावं लागतं, तान्ह्या मुलासमोर बसावं तसं. तिला हे बसणं फार आवडायचं. बाकी आयुष्यात बाईमाणसाला निवांत बसू कोण देतं?

मधेच तिला घरातून आवाज आला आणि ती दचकून उभी राहिली. मार्लेनी! धावत गेली. पाहते तो काय, पोरगी फळ्यांच्या जमिनीवर आडवी, तोंड उघडं, आणि चक्क घोरतेय. बिरीच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी! गालावर माशी बसली होती तरी हलत नव्हती. बिरीनं ती हळूच उडवली आणि पाय न वाजवता परत आली. तिला इतका आनंद झाला होता की कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं.

"झोपली बरं का," तिनं सांगितलं. "घोरतेय. तुझ्यासारखीच."

बोलल्यावर तिला कळलं आपण कुणाला सांगितलं ते. टोप रटरटत होता. वाफ सरळ वर जायची ती पाण्याच्या बाजूला जराशी वळत होती, कुणी तोंडानं ओढून घ्यावी तशी. वारा असेल. पण छपराची झावळी एकही हलत नव्हती.

मग शीळ ऐकू आली. वैदू गाणं म्हणण्याआधी घालतात तसली, ओठांत हवा घोळवलेली, नुसती फुंकर म्हटली तरी चालेल अशी. लाकडं ओली असली की तीही अशीच शीळ घालतात. बिरीनं लाकडं चाचपून पाहिली, ती कडकडीत वाळलेली होती. शीळ एका ठिकाणी चढायची, तिथं तुटायची, एक आवंढा गिळल्यासारखा वाटायचा, आणि मग पुढं जायची. नीवेचा श्वास नेमका तिथंच पुरायचा नाही. साऱ्या गावाला माहीत होतं, पण बोलून कोण दाखवणार?

"म्हातारा झालास," बिरी म्हणाली आणि काढा ढवळू लागली. तिच्या हातांवर काटा उभा होता. पण मनातलं खरं सांगायचं तर पुरानंतर पहिल्यांदाच तिला आपण आपल्या घरी आहोत असं वाटत होतं.

४

ऊन कलता कलता वेस्ना काठी टेकत आली. अंगणातूनच तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"काय गं, एकटीच काय हसतेस? टोपात माकड शिजायला टाकलंस की काय?"

"तुमचीच वाट बघत होते, वन्सं. गुडघा काय म्हणतो?"

"गुडघा म्हणतो, तुझी भावजय तुला कधी होडीनं आणायची नाही, चाल आता." वेस्ना ओंडक्याच्या पाण्याकडच्या बाजूला टेकली आणि तशीच उठली. लुगडं मागून चाचपलं. "ओलंचिंब आहे हे. कुणी सांडलं?"

"मीच. टोप भरताना."

वेस्ना टोपावर वाकली, हातानं वाफ नाकाकडे ओढली, आणि बराच वेळ तशीच राहिली. "छान उतरलाय," ती म्हणाली. "जरा जास्तच छान. तू माझ्यासाठी शिजवतेस तेव्हा इतका वास कधी येत नाही. हा नीवेच्या काढ्याचा वास आहे." मग तिनं बिरीकडे पाहिलं. "नाव कुणाचं घेतलंस?"

"तुमचं. आणखी कुणाचं घेणार?"

"बघ हं."

"अहो, मेलेल्या माणसाचं घेईन का मी? खुळी आहे का?"

"खुळं असावं लागत नाही, सवय पुरते. माझ्या मावशीनं घेतलं होतं." वेस्नानं दुसरं लाकूड ओढून त्यावर बसकण मारली आणि पाय पसरला. "मेलेल्याच्या नावाचा काढा जिवंत माणसानं प्यायला, की झालं. गाणं सुरू झालं की तोच घरात शिरतो, आणि ज्याला न्यायला आला त्याला घेऊन जातो. आमच्यासारखे मग बसतात टाळू खाजवत."

"ओतून टाकायचा मग."

"आणि तो? तो उपाशी उठणार आणि ज्याला न्यायला आला त्याच्याच उशाशी पुन्हा जाऊन बसणार." वेस्नानं घराकडे पाहिलं. "मावशी शहाणी. तिनं मागून आपलं नाव जोडलं, टोप उचलला आणि होडीत बसली."

"मग?"

"मग काय, टोप सापडला. घासूनपुसून काठावर पालथा घातलेला. बाई स्वच्छतेची मोठी." वेस्ना हसली, पण डोळे हसले नाहीत. तिनं कान दिला. "पोरगी घोरतेय का गं? अगंबाई. मी तर अजून काहीच केलं नाही."

"थकली असेल," बिरी म्हणाली.

"थकली असेल," वेस्नाही म्हणाली. काठीवर भार देऊन उठली. तिनं बिरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला. "मी आंघोळ करून दिवस मावळायला येते. तोवर आटव. आणि ऐक, काही सांगायचं असलं तर आत्ता सांग."

"काही नाही हो."

वेस्ना गेली. जाताना तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

५

बिरी बाई संशयी. ऐकलं आणि मान डोलावली, असं तिचं नव्हतं. तो काढ्यापाशी बसलाय म्हणून पोरगी झोपलीय का, हे तिनं करून पाहायचं ठरवलं. चुलीतली लाकडं मागं ओढली आणि उठून चालत घरापर्यंत गेली, अगदी मार्लेनीच्या उशाशी. पोरीचं घोरणं थांबलं. पापण्या फडफडू लागल्या, हात फळ्या चाचपू लागले. "आले, बाबा," ती झोपेतच पुटपुटली आणि कुशीवर वळून काठाच्या दिशेनं सरकू लागली. बिरी धावतच चुलीकडे आली, लाकडं आत सारली, फुंकर घातली. घरात पुन्हा घोरणं सुरू झालं.

योगायोग असेल. तिनं पुन्हा लाकडं ओढली, पुन्हा घराकडे गेली. पुन्हा तेच. या वेळी मार्लेनी उठून बसली होती, डोळे मिटलेले, आणि एक पाय घरातून खाली उतरायच्या शिडीच्या पायरीवर होता.

तिसऱ्यांदा करून बघायची बिरीची छाती झाली नाही.

ती चुलीसमोर बसून राहिली. काढा आटत आटत काकवीसारखा दाट होत आला होता. धूर खाली बसला होता, ओंडक्याच्या उंचीवर, आणि पाण्याच्या बाजूला जरा दाट होता. तिकडे पाहायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण टोप ढवळताना नजर आपोआप खाली गेली, आणि धुराखाली तिला एक पाऊल दिसलं.

डावं पाऊल. अंगठा आखूड, तरुणपणी कोयता लागून तुटलेला. तो अंगठा तिनंच बांधला होता, आपल्या लुगड्याची कड फाडून. बाकी पाऊल पांढरंफटक होतं आणि त्याला सुरकुत्या पडल्या होत्या, पाण्यात फार वेळ राहिल्यावर पडतात तशा. त्याखालची माती ओली होत होती. बोटं हळूहळू चुलीकडे सरकत होती.

बिरीनं ढवळणं थांबवलं. पळावं, किंचाळावं, वेस्नाला हाक मारावी, सगळं एकदम मनात आलं. आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक साधं वाक्य आलं, जन्मभर येत होतं तसंच. थंडी वाजत असेल त्याला.

तिनं आणखी एक लाकूड चुलीत सरकवलं.

मग तिला सगळं सोपं वाटू लागलं. भीती गेली नाही, कशाला खोटं बोला. पण दिवसभराचं काम उरकत आलं की येतो तसला निवांतपणाही आला. त्याला सोबत हवी होती. पोरगी हवी होती असं थोडंच? पोरगी त्याच्यासाठी झुरत बसायची म्हणून तिला हाक मारली असेल त्यानं. बिरी केळी सोलत बसलेली. कामात असलेल्या बायकोला हाक मारायला तो नेहमीच भ्यायचा.

तिनं विडी पेटवली. टोपावर धूर सोडला.

"नीवे पिणार," ती म्हणाली. मग आणखी एक झुरका मारला आणि पुढचं नीट म्हटलं. "बिरी पिणार."

शीळ थांबली.

टोप खाली उतरवून ती घरात गेली. मार्लेनीच्या हातातली सुई काढून कापडाला टोचून ठेवली, नाहीतर झोपेत बोचली असती. फडताळातून मिठाचा डबा खाली काढला आणि उकडलेल्या केळ्यांशेजारी ठेवला. पोरीच्या कपाळावरचे केस मागं सारले. मार्लेनीनं डोळे किलकिले केले. कितीतरी दिवसांनी त्या डोळ्यांत तिची लेक होती.

"आई, बाबा गेले?"

"निघालेत."

"एकटेच?"

"नाही गं. झोप तू. उठलीस की खाऊन घे, मीठ काढून ठेवलंय. आत्या येईल तिला म्हणावं, ओंडका अजून ओला आहे, उन्हात टाक."

"हं," मार्लेनी म्हणाली आणि कूस बदलून पुन्हा घोरू लागली.

ऊन अजून पिवळं होतं. बगळे परत यायला लागले होते. बिरीनं टोप होडीच्या मध्यात ठेवला, पदरानं झाकला, आणि वल्हं घेऊन मागच्या टोकाला बसली. जरा वेळ थांबली. मग होडीचं पुढचं टोक, पाण्याकडचं, हळूहळू खाली गेलं, कुणी जपून बसावं तसं. आत पाणी शिरलं नाही. बिरीनं मान वर केली नाही. तिनं वल्ह्यानं काठ ढकलला आणि होडी सुटली.

"साल खरवडली नाहीस ना आजही," ती म्हणाली. "आता कडू लागला तर मला बोलायचं नाही."

आणि टोप घासायचं काम शेवटी आपल्याच गळ्यात पडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नीवेनं जन्मात कधी भांडं घासलं नव्हतं.